हद्दीअलीकडचं गाव

माझ्या आजीच्या जगात दोनच मुलूख होते, मोगलाई आणि इंग्रजी. तिचं माहेर जामखेडकडचं, म्हणून इंग्रजीतलं. सासर पाटोदा तालुक्यातलं, म्हणजे निजामाच्या मोगलाईतलं. दोन्ही गावांत चालत अर्ध्या दिवसाचं अंतर, पण मधे करोडगिरीचा नाका. माहेरून आणलेली गुळाची ढेप आणि चोळीचा खण नाक्यावरच्या शिपायाला उघडून दाखवावा लागे. तिकडं कलदार रुपया चाले, इकडं हाली. तिकडं तिचा भाऊ मराठी शाळेत जायचा; इकडं शिकायचं तर उर्दूतून शिकावं लागे. ‘मला इंग्रजीतून मोगलाईत दिली’ असं ती म्हणायची तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नसे. ती आपला पत्ता सांगत असे.

लहानपणी मला ती हद्द कुठं दिसली नाही. नाका गेला होता, हाली रुपया गेला होता, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात येऊनही बराच काळ लोटला होता. पण दसरा झाला की गावातली निम्मी घरं कुलूप लावून त्याच दिशेला निघायची, ज्या दिशेला आजीचं माहेर होतं. ट्रकमध्ये भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, वर लेकरं. ऊस तोडायला नगरकडं, सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात. शाळेत आमच्या वर्गात बाकं रिकामी व्हायची आणि गुरुजी हजेरी घेताना ती नावं न पुकारता पुढं जायचे. ही माणसं आपल्याच गावातून का जातात, आणि त्या गावांतली माणसं इकडं का येत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नाही. आजीच्या गोष्टी आठवत आठवत मी ते पुढं शोधलं.

मांजरा नदी आमच्याच तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. या नदीवर निजाम सरकारनं 1923 साली मोठं धरण बांधायला घेतलं आणि 1931 पर्यंत ते पुरं केलं. ते निजामसागर. पण ते उभं राहिलं तेलंगणात, आजच्या निजामाबादकडं. नदी आमच्या डोंगरातली, कालवे शेकडो मैल खाली. त्याच सुमारास हद्दीपलीकडं इंग्रज सरकारनं गोदावरीचे कालवे काढले होते आणि 1926 पर्यंत भंडारदऱ्याचं धरण पुरं करून प्रवरेचं पाणी नगरच्या शेतांत खेळवलं होतं. दुष्काळी मुलखात कालवे काढण्यामागं त्यांचाही सारा होताच. पण पाणी आलं. पाण्यामागं ऊस आला, उसामागं गुऱ्हाळं, मग साखर कारखाने आले. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, तो 1950 च्या सुमारास. त्या वेळी मराठवाडा नुकता कुठं निजामाच्या राज्यातून बाहेर पडत होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे. साक्षर माणसं शंभरात दहाही नाहीत, आणि मोठं म्हणावं असं एकही धरण नाही.

हद्दीच्या एका बाजूला ऊस झाला आणि दुसऱ्या बाजूला तो तोडणारे हात झाले, याचं कारण मातीत शोधू नये. आमची जमीन हलकी आहे, पाऊस दगा देतो, हे खरंच. पण नगरचा तो पट्टाही पर्जन्यछायेतलाच होता.

1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याला झुकतं माप देण्याचा शब्द होता. पैठणला जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 साली झाली आणि 1976 साली नाथसागर उभा राहिला. 1984 साली दांडेकर समितीनं मराठवाड्याचा अनुशेष रुपयांत मोजून दाखवला. पण तोपर्यंत गोदावरीच्या वरच्या अंगाला धरणांमागून धरणं झाली होती. आता पाऊस कमी पडला की नाशिक-नगर आणि मराठवाडा एकमेकांसमोर कोर्टात उभे राहतात. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरेवरच्या धरणावर जगणाऱ्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती बातमी आली तेव्हा आजी नव्हती. असती तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, मिरज कुठल्या मुलखात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांत आमच्या आळीतली एक मावशी होती. नात्यानं कुणी नाही, पण मावशीच. तिच्याकडून मी त्या जगाची भाषा शिकले. कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती नवऱ्याच्या हातात. लिहिली जाते मुकादमाच्या वहीत, नवऱ्याच्या नावानं. ऊस दोघं तोडतात, मोळ्या बाई डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण वहीत बाईचं नाव नाही. एक दिवस आजारी पडली की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. महिन्याचे चार दिवस फडात कसे काढायचे, याचं उत्तर अनेक बायकांनी दवाखान्यात जाऊन शोधलं. ‘पिशवी काढून टाकली’ हे वाक्य आमच्याकडं पस्तिशीच्या आतल्या बायका दात काढल्यासारखं सहज बोलतात. 2019 साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मावशी त्यातलीच. तिच्या पाठीच्या दुखण्याबद्दल ती बोलायची, त्या वहीबद्दल कधी बोलली नाही. ते मी बोलते. जिचं नाव वहीत नाही तिला मजुरी मागता येत नाही, भरपाई मागता येत नाही, पुढं नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला तर सातबारावरही ती सापडत नाही.

आमच्या भागात माणसाचं बरंवाईट नेहमी कुणाच्या तरी वहीनं ठरवलं आहे. आजीच्या काळी ती वही पटवाऱ्याची होती.

निजामाच्या राज्यातली साधारण चार दशांश जमीन सरकारी दिवाणीत नव्हतीच. काही सर्फ-ए-खास, म्हणजे थेट निजामाच्या खाजगी खर्चाची, बाकी जहागिरदारांची. उरलेल्या गावांत माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी ही तीन वतनं. कायदा हैदराबादला होत असेल, गावात पटवारी लिहील तेच. महायुद्धाच्या वर्षांत धान्याची लेव्ही बसली. आजीच्या सगळ्या गोष्टींमध्ये लेव्हीची गोष्ट सर्वांत लांब, कारण तिच्यात तिचा स्वतःचा पराक्रम होता. शेतात किती पिकलं हे पटवारी बांधावर उभा राहून अंदाजानं लिहायचा आणि तेवढ्यावर लेव्ही. ज्याच्याशी पटवाऱ्याचं बरं त्याच्या रानात कमी पिकायचं, ज्याच्याशी वाकडं त्याच्या रानात भरघोस. आजीनं वाड्याच्या मागच्या अंगाला असलेल्या पेवात चार पोती ज्वारी उतरवली, तोंडावर दगड आणि माती टाकली, वर शेणाचा सडा घालून रांगोळी काढली. शिपाई आले, घर धुंडाळलं, त्या रांगोळीवरून चालत गेले. ‘पोरी, लेकरं उपाशी ठेवून मी कुणाला लेव्ही घालू?’ ती मला विचारायची. मी पहिलीत होते तेव्हाही विचारायची आणि कॉलेजात गेले तेव्हाही.

मग रझाकारांचं साल. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी, लातूरचा वकील. त्याच्या नावानं आमच्याकडं लेकरांना गप्प बसवत. गावं लुटली जायची, माणसं मारली जायची. आजी दोन लेकरं घेऊन रात्रीतून हद्द ओलांडून माहेरी गेली. पलीकडं सरहद्दीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, आणि तिथल्या पोरांसाठी तिनं आणि तिच्या भावजयीनं भाकरी थापल्या. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू ही नावं तिला माहीत नव्हती. ‘स्वामींची माणसं’ एवढंच तिला ठाऊक. निजामाविरुद्धचा हा लढा मोठा होता, खरा होता, आणि उरलेल्या महाराष्ट्राला तो आजही पुरता माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. देश 15 ऑगस्टला स्वतंत्र झाला आणि आमचा मुलूख त्यानंतर तेरा महिने वाट पाहत राहिला. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. आमच्या शाळेत दर 17 सप्टेंबरला झेंडा लागायचा, भाषणं व्हायची. भाषणं 17 तारखेला येऊन थांबायची.

18 तारखेपासून पुढचं मला चाचीनं सांगितलं.

चाची आमच्या घरामागं राहायची. एक खोली, समोर लिंबाचं झाड. तिच्या वडिलांकडं गावाबाहेरच्या दर्ग्याच्या दिवाबत्तीची खिदमत होती आणि त्या खिदमतीची इनाम जमीन होती, खिदमतमाश. रझाकारांशी त्यांचा संबंध नव्हता. उलट त्यांनी रझाकारांना जनावरं दिली नाहीत म्हणून त्यांना मार पडला होता, असं ती सांगायची. फौजांची पोलीस ॲक्शन झाली त्या आठवड्यात जमाव आला. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. वडील आणि थोरला भाऊ परत दिसले नाहीत. ती आणि तिची आई ज्वारीच्या उभ्या पिकात बसून राहिल्या. पाऊस होता.

मी आजीला विचारलं. आजी गोष्टी सांगणारी बाई, तिला मधे थांबवावं लागे. त्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं की त्या आठवड्यात ती माहेरून परत आली होती आणि ‘आम्ही दारं लावून बसलो होतो.’ पुन्हा विचारल्यावर ती उठून गोठ्यात गेली.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीला नेहरूंनी 1948 च्या अखेरीस पाहणीसाठी पाठवलं होतं. किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडला. त्याखालोखाल बीड, औरंगाबाद. रझाकारांनी आधी काय केलं होतं तेही त्या अहवालात आहे, आणि ज्या हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबं वाचवली तेही आहे. तो अहवाल 2013 पर्यंत सामान्य माणसाला पाहायला मिळाला नाही. आम्ही दर सप्टेंबरला झेंड्याला सलामी देत होतो, तेव्हा माझ्या शेजारच्या रांगेत चाचीचा मुलगा उभा असायचा. त्याच्या आजोबांचं काय झालं हे त्या मैदानावर कुणी बोलत नव्हतं. रझाकार हा शब्द मात्र भाषणात सारखा यायचा, आणि आला की पोरं त्याच्याकडं पाहायची. आज निवडणुकीच्या सभांत तो शब्द पुन्हा जोरात येतो. ज्यांनी रझाकार पाहिले नाहीत ते तो ज्यांच्याकडं बोट करून उच्चारतात, त्यांनीही रझाकार पाहिलेले नाहीत.

चाचीच्या इनाम जमिनीचं पुढं काय झालं? जहागिरी 1949 साली खालसा झाल्या. 1950 साली कुळांचा कायदा आला. इनामांचा कायदा 1954-55 च्या सुमारास. हे कायदे चांगले होते, कसणाऱ्याला जमीन मिळावी हा त्यांचा हेतू होता, आणि अनेकांना ती मिळालीही. पण कागद नव्यानं लिहायचे होते आणि लिहिताना जो हजर होता त्याचं नाव लागलं. चाचीची आई हजर नव्हती. ती बीडला एका नातेवाइकाकडं भांडी घासत होती. चाची लग्नानंतर गावात परत आली तेव्हा त्या नंबरात दुसऱ्याचा नांगर होता. तिच्याकडं एक उर्दू कागद होता, चार घड्या घातलेला. मी एकदा म्हटलं, चाची, कुणाला तरी दाखवू या. ती म्हणाली, ‘कागद का क्या करूं मा, पढनेवालाच नै रहा.’

तिचं म्हणणं आमच्या घरालाही लागू होतं. माझे आजोबा तहतानियात, म्हणजे प्राथमिक शाळेत, उर्दूतून शिकले. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं होतं आणि सगळ्या शाळा त्या धोरणानं चालायच्या. मराठी पोराला आईच्या भाषेत शिकता येऊ नये हा अन्याय होता, आणि स्वामीजींचं हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतलं काम, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, ही सगळी त्या अन्यायाविरुद्धची धडपड. पण 1948 नंतर उर्दू इतकी झपाट्यानं गेली की आजोबांचे हिशेब त्यांच्या मुलाला वाचता येईनात. कचेऱ्यांच्या कपाटांत आमचा सारा इतिहास पडून राहिला आणि तो वाचायचं कौशल्य आम्ही एका पिढीत गमावलं.

आता आप्पांची गोष्ट. आप्पा भीमनगरातले, वय पंच्याऐंशीच्या पुढं, आवाज अजून खणखणीत. त्यांच्या वडिलांनी गावची येसकरकी केली. कचेरीचा सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं, साहेब आला तर त्याच्या घोड्यापुढं धावायचं, आणि बदल्यात उंबऱ्याउंबऱ्यावर भाकरी मागायची. आप्पांच्या वडिलांनी ती भाकरी बंद केली त्या वर्षी गावानं त्यांना रानात येऊ दिलं नाही. मग त्यांनी गायरानाचा खडकाळ तुकडा फोडला. दगड वेचून बांध घातले, बाभळी काढल्या, तूर पेरली.

बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला पुढं मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं. मराठवाड्यात तोवर पदवीपर्यंतचं कॉलेज नव्हतं, त्यामुळं सगळ्याच जातींची पोरं तिथं शिकली, हे आज कुणी आठवत नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, 1959 साली आणि पुन्हा 1964 साली. आप्पा दुसऱ्या खेपेला तुरुंगात गेले. तुरुंगातलं जेवण घरच्यापेक्षा बरं होतं असं ते सांगतात.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे, जनार्दन मवाडे ही माणसं मारली गेली. आप्पांची बहीण नांदेडकडं दिलेली. तिचं घर जळलं. ‘विद्यापीठ कोणत्या दिशेला हाय हे तिला ठावं नव्हतं,’ आप्पा म्हणतात, ‘पण गायरान कोणत्या दिशेला हाय ते जाळणाऱ्याला पक्कं ठावं होतं.’ नामांतरावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण इतकं नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. भाकरी मागायचं बंद करणारी, गायरान फोडणारी, पोराला औरंगाबादला धाडणारी घरं जळली. नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडला, तेही नामविस्तार होऊन.

गायरानाचा कागद आप्पांकडं काय आहे? दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केलं म्हणून सरकारनं दंड केला, त्या पावत्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आहेत, कारण ते इतकी वर्षं ती जमीन कसतात याचा तेवढाच पुरावा. गाव नमुना 1-ई मध्ये नाव लागलं की गावानं दिवाळी करावी एवढा आनंद. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय 1991 साली झाला. एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून बीडच्या गावागावांत ही लढाई चालवली. तरी कित्येकांचे दावे पडून राहिले. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला. भूमिहीन आणि दलित पट्टेदारांचा अपवाद त्याच निकालात आहे, पण नोटीस काढणारा कारकून तेवढं वाचत बसत नाही. 2022 साली हायकोर्टाच्या आदेशानंतर पुन्हा नोटिसा आल्या, आणि आप्पांची पिशवी पुन्हा उघडली.

मग 2023 चा सप्टेंबर. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्यांवर 1 तारखेला लाठीमार झाला आणि मराठवाडा ढवळून निघाला. मनोज जरांगे पाटलांची मागणी अशी की मराठवाड्यातला मराठा कुणबीच आहे. निजामाच्या दफ्तरात तशा नोंदी आहेत, त्या शोधा आणि दाखले द्या. विदर्भात पंजाबराव देशमुखांमुळं कुणबी म्हणून नोंद झाली आणि 1967 पासून ती जात ओबीसीत गेली. इकडं वेगळं राज्य, वेगळं दफ्तर, म्हणून तीच शेती करणारी माणसं बाहेर राहिली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे शोधायची वेळ आली. पुढं 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन शासन निर्णयही निघाला.

या मागणीमागची वेदना मी जवळून पाहिली आहे. माझ्या चुलतभावाकडं चार एकर कोरडवाहू, दोन पोरं पदवीधर आणि बेकार. सोयाबीनचा भाव पडलेला, बोअर आटलेला. मराठा म्हणजे पाटील, मराठा म्हणजे सत्ता, असं म्हणणाऱ्यानं त्याच्या घरी एक उन्हाळा काढावा. आणि आमच्याच गावातला वंजारी ऊसतोड्या, माळी, धनगर यांच्या पोटातली भीतीही मला समजते. मोठ्या कष्टानं मिळालेल्या घासात वाटेकरी येणार ही ती भीती. 2024 च्या निवडणुकीनंतर बीड जिल्ह्यात कुणाच्या दुकानातून कुणी किराणा घ्यायचा यावरून गावं दुभंगली. ज्यांचे आजे एकाच पटवाऱ्यापुढं हात जोडून उभे होते, त्यांची नातवंडं एकमेकांच्या टपरीवर चहा पिईनात.

प्रत्येक घरानं आपल्या आज्याची गोष्ट जपली, शेजाऱ्याच्या आज्याची ऐकली नाही, हे आमच्या मुलखाचं मोठं दुखणं आहे असं मी मानते. आमच्या वाड्यात रझाकारांची गोष्ट सांगतात, चाचीच्या खोलीत ॲक्शनची, भीमनगरात अठ्ठ्याहत्तर सालची, तांड्यावर आणि वंजारवाडीत उसाच्या फडाची. सगळ्या खऱ्या आहेत आणि सगळ्या एकाच दफ्तरातून निघाल्या आहेत. ज्या राज्यानं पाणी खाली नेलं त्याच राज्याच्या वहीत कूळ, इनाम, गायरान आणि जात लिहिली गेली. राज्य गेलं. नंतरच्यांनी वही पुढं चालू ठेवली.

चुलतभावानं जुन्या पाहणीच्या काही उर्दू पानांच्या नकला मिळवल्या. तालुक्याचे एक निवृत्त उर्दू शिक्षक घरी येऊन वाचायला तयार झाले; पैसे घेणार नाही म्हणाले. ओसरीवर भावकी जमली होती. आप्पांना मी मुद्दाम बोलावलं होतं, चाचीचा नातू पुण्याहून सुटीवर आलेला, तोही आला. मास्तर ओळ न ओळ वाचू लागले. भावकीला एकच शब्द ऐकायचा होता, आणि जातीचा रकानाच त्या पानांवर नव्हता. चुलतभावाचा चेहरा उतरला. बास करा म्हणाला. मी म्हटलं, मास्तर, वाचा तुम्ही पुढं.

पुढच्या ओळीत दर्ग्याच्या खिदमतीचा नंबर निघाला, चाचीच्या वडिलांच्या नावासकट. तो नंबर आज आमच्या भावकीतल्या एका घराच्या ताब्यात आहे, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याच्या खाली गायरानाचं क्षेत्र होतं. आप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं, कारण आज मोजणीत दाखवतात त्याच्या दीडपट ते भरत होतं. मधली जमीन कुणी खाल्ली, यावर बोलणं सुरू झालं आणि आवाज चढले. बांधाला बांध लागून असलेल्यांची नावं निघाली. कुणी म्हणालं, हा कागद आमच्या कामासाठी आणलाय, तुमच्या नाही. आप्पा म्हणाले, कागद गावाचा हाय. चाचीचा नातू काही बोलला नाही. मास्तरांच्या खांद्यावरून वाकून तो आपल्या पणज्याचं नाव कुठून कुठपर्यंत लिहिलंय ते विचारत होता.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. एक चुलतभावाला, एक आप्पांना आणि एक त्या पोराला दिली. भावकीतली दोन घरं तेव्हापासून आमच्याकडं येत नाहीत. चुलतभावाचा दाखल्याचा अर्ज अजून पडून आहे, आप्पांच्या गायरानाची सुनावणी तहसिलात लागली आहे. आणि चाचीचा नातू दर आठवड्याला पुण्याहून फोन करतो; मास्तरांकडं उर्दू शिकायला त्यानं सुरुवात केली आहे.